राणी दारात थांबते

४ जून
आईला नवं वेड लागलंय! मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या मालिका. शापित राण्या, उडणारे सेनापती, भरजरी झगे. जन्म शिवणयंत्रावर गेला, त्यामुळे हिला गोष्टीआधी शिलाई दिसते. "राणीचा झगा मागून पिनांनी आवळलाय बघ." तरी नजर हलत नाही. पुढच्या आठवड्यात हिच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि काळजी त्या राणीची.

६ जून
आमच्या शिवणाच्या दुकानात एका कोटाचं अस्तर उसवता उसवता एक भाग बघितला. एकच! कात्री कधी खाली ठेवली, कळलंच नाही.

एवढं आहे काय त्यात? कपडे बघूनच माणूस कळतो — काळा झगा म्हणजे कपटी, फाटका म्हणजे हमखास राजपुत्र. ओळखीपाळखीत वेळ जात नाही. आज अपमान, पुढच्या भागात सव्याज परतफेड. आपल्याकडे त्याला जन्म पुरत नाही. आणि राणी नेमकी दारात थांबते. "तुझा खरा बाप कोण, ते ऐक—" संपलं! आता उठायचं कसं?

आईला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

७ जून
पकडले गेले. "कोटाचं अस्तर अजून तसंच?" एवढंच म्हणाली आणि मोबाइल मधे धरून शेजारी जागा करून दिली.

९ जून
डॉक्टर म्हणाले, या वयात धोका आहेच. स्वयंपाकघरात तोंड लपवून रडले. आईने बघितलंच. "मला ऑपरेशनची भीती नाही गं. तू बाहेर एकटी रडत बसशील, ते नको वाटतं."
मलाही तीच एक भीती आहे. बाहेर बसायची.

११ जून
सकाळी आत नेलं. दारापाशी आईने स्ट्रेचर थांबवायला लावलं. मला जवळ बोलावलं. "अगं, तुझ्या बाबांनी लग्नाआधी एक भलतंच केलं होतं. तुला कधी बोलले नाही—"
आणि दार बंद!

बाबा हयात होते तेव्हा शाळेत कारकून. रस्ता ओलांडतानाही दोनदा विचार करणारे. बाकावर बसून मी त्यांना दुसरी बायको दिली, तुरुंगात धाडलं, शेवटी राज्यावरही बसवलं. एकटीच हसत होते. शेजारचे काका जरा सरकून बसले. मग डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं म्हणाले.

१२ जून
आई शुद्धीवर आली. मी पहिलं तेच विचारलं — बाबांनी काय केलं होतं?
"काही नाही गं. रडलीस का?"
तेव्हा नव्हते रडले. आज रडले.