राख्याची आठची सुई

३ जुलै, गुरुवार

मांजराला शुगर! डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे विश्वास बसला. जनावरांच्या दवाखान्यात पुढे एक म्हैस, मागे दोन शेळ्या आणि मधे मी, पिशवीत राख्याला घेऊन. डॉक्टर म्हणाले, "काकू, मी बैल, म्हशी बघतो. मांजराची शुगर नोकरीत पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी परभणीला कॉलेजातल्या मित्राला फोन लावला. अर्धा तास बोलले. कागदावर लिहून दिलं — इन्शुलिन, दोन पॉइंट सकाळी आठला, दोन पॉइंट संध्याकाळी आठला. आधी खायला घालायचं, मग सुई. रोज.

महिनाभर तो पाणी पीतच होता आणि घरभर मुतत होता. मी त्याला रागवत होते. खुळी कुठली!

आणखी एक. दूध बंद, भात बंद, भाकरी बंद. अंडी द्या, कोंबडी द्या म्हणाले. माझा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. डॉक्टरांनी पाहिलं. आमच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही.

४ जुलै

सोमेश्वरचा फोन. दर शुक्रवारी तेच — आई, घराला कुलूप लाव, पुण्याला ये, तुझी खोली तयार आहे. हे गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून एकच पालुपद. लेक चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण मला परळी सोडायची नाही! हे त्याला तोंडावर सांगायला मात्र जीभ रेटत नाही. लेकाला नाही कसं म्हणायचं? राख्याचं काय, असं विचारलं की तो म्हणतो, सोसायटीत मांजर चालत नाही, दिंद्रुडला मामाच्या शेतात सोडू. आठ वर्षांचा बोका, गादीवर झोपणारा. तो शेतात काय करणार, कपाळ?

आज म्हटलं, "त्याला सुई आहे. बारा बारा तासांनी. मला आता कुठेही हलता येणार नाही." पुण्याचा विषय त्यानं तिथंच सोडला!

फोन ठेवला आणि मला हसू आलं. मग लाज वाटली. बिचाऱ्याचा आजार, आणि तो माझ्या कामी आला.

५ जुलै

समोरची आम्रपाली शिकवायला आली. माणसांच्या दवाखान्यात नर्स आहे ती. आधी वांग्यावर शिकवलं. मग राख्याला मांडीवर घेतलं, मानेची कातडी चिमटीत उचलली. "असा तंबू करायचा काकू, आन् तंबूत सुई सोडायची." मी सोडली. आरपार! सगळं औषध केसांवर. मी दुसरी भरायला लागले तर तिनं हात धरला. "न्हाई! आत किती गेलं ठावं न्हाई आपल्याला. आता एकदम रात्रीच्या आठला." मग म्हणते, "घाबरता कावून? तुमी थरथरल्या की त्योबी थरथरतो."

त्याच्या खाण्याचं तिनं अंगावर घेतलं. बिनमिठाची शिजवलेली कोंबडी डब्यात घालून आणते. डबा अंगणातच उघडायचा असं ठरलंय.

७ जुलै

दोन्ही वेळा मी दिली. एकटीनं! राख्या ढिम्म.

१० जुलै

घोळ झाला. आज आषाढी पौर्णिमा. आम्रपालीच्या सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा, वर्षावास सुरू, म्हणजे बौद्धांचा चातुर्मास. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, आणि तीन महिने त्यांच्या घरात मांस शिजणार नाही. आम्रपाली ओशाळली होती. "काकू, सासूबाईंचा शब्द मोडता येत न्हाई." मी कशाला मोडायला लावू? त्यांचा नेम त्यांना, माझा मला. पण पंधरा दिवसांनी माझाही श्रावण! दोन्ही घरं सोवळी, मधे बोका उपाशी.

११ जुलै

अंडी आणली. स्वतः दुकानात जाऊन. दुकानदार मला ओळखतो, तो म्हणाला, "वैनी, कुणाला?" म्हटलं, "मांजराला. कागदात गुंडाळू नका, पिशवीत दिसू द्या." कोणाची चोरी आहे?

अंगणात शेगडी मांडली, जुन्या पातेल्यात उकडली. सोलताना वास आला, पदर नाकाला लावला. राख्यानं दोन मिनिटांत संपवलं आणि माझी बोटं चाटली. बोटं चार वेळा साबणानं धुतली. मग पूजेला बसले. देवानं काही म्हटलं नाही.

१३ जुलै

धाकटी जाऊ संगीता आली. पातेलं पाहिलं आणि दारातच थबकली. "अक्का, गळ्यात लिंग हाय तुमच्या!" म्हटलं, "बोक्याच्या गळ्यात नाही." "थोरले भावजी असते तर खपवून घेतलं नसतं!" हे असते तर त्यांनीच सायकलवरून अंडी आणली असती, हे तिला काय माहीत. राख्या त्यांनीच आणलेला. थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या ढिगाशेजारी सापडला, तसाच करडा, म्हणून राख्या. चहा न घेता गेली. जाऊ दे!

२२ जुलै

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, शुगरच्या मशीनला लावायचा. पहिल्या दिवशी ४१२ होती. आज २३०. कोंबडीवाल्याकडे आता माझं रोजचं ठरलंय — बिनहाडाची, पावशेर. लोक बघतात. बघू देत.

२८ जुलै, सोमवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

पहिला श्रावणी सोमवार. माझा उपवास. सकाळी मनात आलं, आजचा एक दिवस तरी घरात अंडं नको. संगीताच्या बोलण्याला भीक घालत नाही म्हणते, पण कुठेतरी ते लागलं होतं. म्हटलं, एकच दिवस, राख्यालाही उपवास घडेल, पुण्य मिळेल. बशीत थोडी भगर ठेवली. त्यानं हुंगली आणि निघून गेला. आठ वाजले. मी सुई दिली! पूर्ण दोन पॉइंट! घड्याळ सांभाळलं, पोट विसरले.

साडेदहाला पूजा मांडत होते. मागे धप्प आवाज झाला. राख्या आडवा, पाय झटकतोय, डोळे उघडे पण ओळख नाही. मी किंचाळले. आम्रपालीची आज दुपारपाळी, म्हणून ती घरी होती. धावत आली. "खाल्लं होतं का त्यानं?" मी बशीतल्या भगरीकडे बघितलं. "काकू, खाल्लं होतं का?" मानेनंच नाही म्हटलं. "मध! मध हाय का?"

मध होता. अभिषेकाच्या ताटात, पंचामृतासाठी काढलेला. देवाला अजून लागला नव्हता. मी वाटी उचलली. बोट बुडवून त्याच्या हिरड्यांना चोळला, पुन्हा, पुन्हा. मशीनवर ३८. वीस मिनिटांनी त्यानं मान उचलली. तासाभरानं माझ्याकडे पाहून चिडून ओरडला. तेवढं ओरडणं मला भजनासारखं लागलं.

आम्रपाली माझ्यावर पहिल्यांदाच चिडली. "देवाला उपास चालतो काकू, सुईला न्हाई चालत! मारलं असतं तुमी त्याला." खरं आहे. मीच मारलं असतं. लोकांच्या तोंडाला भिऊन.

तशीच उठले, अंडं उकडलं. अंगणात नाही. स्वयंपाकघरात, गॅसवर, श्रावणी सोमवारी, पूजेचं ताट शेजारी असताना. महादेवाला म्हटलं, रागवायचं तर माझ्यावर रागव. अभिषेक बिनमधाचा केला.

४ ऑगस्ट, सोमवार

अंडं स्वयंपाकघरातच. १८५.

१८ ऑगस्ट, सोमवार

शेवटच्या श्रावणी सोमवारी आमचे गुरू मल्लिनाथ स्वामी आमच्याकडे जेवायला येतात. तीस वर्षांचा नेम. पुरण घातलं, कटाची आमटी केली, पाट मांडला. आले नाहीत. संगीतानं त्यांना फोन करून सांगितलं म्हणे, त्या घरात कोंबडी शिजते.

तासभर पाटाकडे बघत बसले. रडले. खोटं कशाला लिहू, खूप रडले. मग सगळं ताट वाढलं, वर रुमाल टाकला आणि समोरच्या घरी गेले. मनकर्णाबाई ओट्यावर बसून वाती वळत होत्या. म्हटलं, "जेवता का माझ्या घरचं?" त्यांनी रुमाल उचलला. "पुरण व्हय! आन् मला इचारता?" दोनदा मागून घेतलं. चाळीस वर्षं समोरासमोर राहतो आम्ही. ताट घेऊन त्यांच्या उंबऱ्यात मी आज पहिल्यांदा गेले. ही लाज संगीताची नाही, माझी आहे.

९ सप्टेंबर

चौदा तास लाईट नाही! विजेचा कारखाना आमच्या उशाला, राख आमच्या नाकात, आणि लाईट मात्र गुल. फ्रीजमधली औषधाची बाटली स्टीलच्या डब्यात घातली, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गारव्याला ठेवला. दर तासाला फडकं भिजवलं. महावितरणच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, "घरात कोण पेशंट हाय, मावशी?" म्हटलं, "आहे एक. आठ वर्षांचा." खोटं काय आहे त्यात?

२ ऑक्टोबर

११८. डॉक्टरांनी दोनाचा एक पॉइंट केला. गुडघ्याइतक्या गवतातून उडी मारून चिमणी धरली आज राख्यानं. चिमणी सुटली. बरं झालं.

२२ ऑक्टोबर

पाडवा. दिवाळीला मी जात नाही म्हटल्यावर सोमेश्वर आणि सूनच इकडे आले. आठला सुई भरली तर लेक भिंतीकडे तोंड करून उभा. लहानपणी लसीला पळायचा, अजून तसाच. मी टोचलं, राख्या जांभई देऊन निघून गेला. "आई, तू नर्स झालीस!" कौतुकानं म्हणाला. मला फार बरं वाटलं.

निघताना मात्र बॅग उचलता उचलता म्हणतो, "मांजर काय, अजून दोन-चार वर्षं. मग तरी येशील ना?"

म्हणजे माझ्या राख्याच्या मरणाची वाट बघायची? मला इतका संताप आला की मी लाडवाचा डबा द्यायचाही विसरले. पण बोलले काहीच नाही. कावून? आम्रपालीची भाषा लागली मला. तरी प्रश्न बरोबर आहे. कावून बोलले नाही?

२५ ऑक्टोबर

सुई बंद!

सकाळी ८४. डॉक्टरांनी पुन्हा परभणीला फोन केला. मांजरांमध्ये असं होतं म्हणे, लवकर धरलं आणि खाणं सांभाळलं तर साखर आपली आपण ताळ्यावर येते. कायमचं असेलच असं नाही, कान टोचत राहायचं. पण सुई नको. डॉक्टर म्हणाले, "काकू, हे तुम्ही केलं." दवाखान्यातल्या शेळीवाल्यानंही टाळ्या वाजवल्या.

पेढे वाटायचे सोडून घरी येऊन खाटेवर बसले. राख्या बरा झाला. आता सोमेश्वरला काय सांगू?

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

फोनवर म्हटलं, "ठेवते रे, आठ वाजले, सुईची वेळ झाली." कोणती सुई?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच. पण या वेळी आम्रपाली दारात उभी होती. तिनं ऐकलं. "काकू, सुई तर बंद झाली."

मी साडीचा पदर चाचपत राहिले.

"अख्ख्या गल्लीला न्हाई भ्यालात. सोमवारी गॅसवर अंडं उकडलं तुमी! आन् लेकाला भिता?"

लई लागलं. जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मीच फोन केला. सांगितलं, सुई बंद होऊन पंधरा दिवस झाले, दोनदा खोटं बोलले. तो खूश झाला. "मग आता काय अडचण आहे, आई?"

म्हटलं, "अडचण बोक्याची नव्हतीच. मलाच यायचं नाही."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "जेवलीस का?"