कळकलेलं पाणी

रत्नागिरी,
११ नोव्हेंबर १९५७

ती. अब्बांस रहीमचा सलाम. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. अम्मीचा खोकला थांबला हे वाचून जिवात जीव आला. इथं रोज मासळी असते. आता काटे काढणंही जमतं, अम्मीला सांगा.

समुद्रावर करतोस तरी काय, असं तुम्ही विचारलंत. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात. सगळी मासळी शेवटी त्यांच्याच जिवावर जगते. आम्ही होडीतून रेशमी जाळं ओढतो. जाळ्याच्या शेपटाला डबी असते, तिच्यात हिरवट गाळ जमतो. तो वाळवून जाळायचा आणि राखेत लोखंड, जस्त, तांबं किती ते मोजायचं.

या वेळी तांबं इतकं निघालं की आमचे प्रयोगशाळेचे साहेब खुर्चीवरून उठले. एवढं आजवर कुणाला सापडलं नाही म्हणाले. निबंध लिहून टपालात टाकलासुद्धा, त्यात माझंही नाव आहे! माझी नोकरी मार्चपर्यंतचीच. ती आता कायम होईल, असं ते स्वतःहून बोलले.

दिवाळीआधी काचेची डबी फुटली, तेव्हा कासाराकडून पितळेची मीच करून घेतली. अशी चकचकीत घासली आहे की तुम्ही पाहायला हवी होती.

तुमच्या दुआ अशाच पाठीशी राहू द्या.

तुमचा,
रहीम

वडसा,
२० नोव्हेंबर १९५७

चि. रहीम यास जलालुद्दीनच्या अनेक दुआ.

तुहं पत्र अम्मीले दोनदा वाचून दाखवलं. मासळीचं आयकून हासली. म्हणे का, मंग वैनगंगेचे झिंगे त्याले काऊन कडू लागत होते? इथी धान निघून राह्यले, लगनं जवळ आली, गावागावचे गंज, पातेले कल्हईले येऊन राह्यले. भट्टी थंडी होत नाई.

एक गोष्ट मनात अडकली. मी चौथी पास, तू शिकलेला. चुकलो तं हासून सोडून देजो. ते पितळेची डबी आतून कल्हई केली हाय का? मागच्या आठवड्यात सावली गावची एक बाई भांडाले आली, का ताक हिरवं झालं. कल्हई उडालेल्या गंजात मीठ घातलेलं ताक ठेवलं होतं तिनं. कळकणारच. तुहा समुद्र तं साराच खारा. तांबं त्या झाडपाल्यात हाय का डबीत, येवढं पाहून घे.

नोकरीचं मले समजते. साहेबाले सांगाले भेव वाटंल, तेही समजते. मी काई म्हणत नाई. तुले जसं वाटंल तसं कर.

थंडी पडली, कान बांधत जाजो. तिकडं थंडी नसते म्हणतात, तरी बांधजो.

तुहा अब्बा,
जलालुद्दीन

रत्नागिरी,
७ डिसेंबर १९५७

ती. अब्बांस रहीमचा सलाम. वि. वि.

खरं सांगतो, तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. खिशात घातलं आणि दोन दिवस तसाच होडीवर गेलो. तिसऱ्या दिवशी राहवेना. गाळून घेतलेलं समुद्राचं पाणी डबीत भरलं, तसंच काचेच्या बाटलीत भरलं, आणि सकाळपासून दुपारपर्यंत ठेवलं. मग दोन्हींत औषध टाकलं. तांबं असलं की पाणी पिवळं पडतं. बाटलीतलं साधंच राहिलं. डबीतलं चहासारखं झालं.

दोन्ही पाणी घेऊन साहेबांकडे गेलो. डबी कुणी करून घेतली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. हे आणखी कुणाला माहीत आहे, असं विचारलं. म्हटलं, वडशाला माझ्या वडिलांना. त्यांनी कागद ओढला आणि निबंध छापू नका म्हणून पत्र लिहिलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी स्वतः होडीत आले, जाळ्याला काचेची बाटली बांधली. नव्या राखेत तांबं पहिल्याच्या सातव्या हिश्श्याइतकंच निघालं. म्हणाले, एवढं तर सगळ्यांनाच सापडतं.

कल्हईवाल्याच्या मुलाला हे दिसू नये? असंही ते म्हणाले. अब्बा, दहा वर्षं तुमच्या भात्यापाशी बसलो आणि चकाकी पाहून भुललो.

मार्चनंतर काय, ते काही बोलले नाहीत. काल मात्र औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवून निघून गेले. आजवर ती कुणाला दिली नव्हती. अम्मीला काळजी करू देऊ नका, आणि मला कधी अंतर देऊ नका.

तुमचा,
रहीम

वडसा,
१६ डिसेंबर १९५७

चि. रहीम यास अनेक दुआ.

अम्मी म्हणते, नोकरी राह्यली तं सुट्टीत ये, गेली तं उद्याच ये. मी म्हणतो, किल्ली सांभाळ.

भात्यापाशी तुहं मन लागत नव्हतं, ते मले तेव्हाच दिसत होतं. तू नागपूरले शिकाले गेला, त्या दिवशी मी दुकान उघडलं नाई. तुले कळू देलं नाई. तवापासून कोणी विचारलं का एकच सांगत आलो, पोरानं धंदा सोडला.

काल राजुऱ्याचा एक व्यापारी आला होता. गंज खाली ठेवता ठेवता त्यानं विचारलं, तुहा पोरगा काय करते?

मी म्हटलं, आपल्याच धंद्यात हाय. समुद्रावर.

तुहा अब्बा,
जलालुद्दीन