आप्पांच्या फॉर्मवरची चार मिनिटं

लातूर, मंगळवार

प्रिय शिल्पा,

तुझे सासरे काल आमच्या वॉर्डातून घरी गेले. त्यांचं हृदय फार कमजोर झालंय, कधीही बंद पडू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. जावईबापू कामावर गेले की घरात तुम्ही दोघंच, आणि देवणीला ॲम्ब्युलन्स यायची म्हणजे अर्धा तास. फोन वाजला की तुझाच असेल असं वाटतं आणि उचलायला हात धजत नाही.

नर्सच्या कामासोबत माझ्याकडे आता देशभराच्या नोंदणीचंही काम आहे. ज्यांचं हृदय अचानक बंद पडतं, त्यांचा एकेक फॉर्म भरायचा. कुठे पडले, जवळ कोण होतं, छाती किती मिनिटांनी दाबायला घेतली. आमच्याकडचे बहुतेक जण घरातच पडलेत, जवळ सून होती, आणि छाती कुणीच दाबली नव्हती. त्या नोंदी बघूनच आमच्या मोठ्या डॉक्टरांनी गावोगाव बायकांना छाती दाबायला शिकवायचं ठरवलं. बाहुलीवर दाबून दाखवते ती मीच. बायका हसतात, मला मात्र दर वेळी घाम फुटतो.

कारण आप्पांचा फॉर्मही मीच भरलाय. तुझे वडील पडल्या पडल्या मी छाती दाबायला घेतली, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं गं. आप्पा ओसरीवर कोसळले, दारात माणसं जमली, आणि मी आधी डोक्यावरचा पदर सावरला. सासऱ्याच्या छातीवर चारचौघांत हात कसा ठेवायचा, एवढंच मनात आलं. नको असं कुणी म्हणालंही नव्हतं. शेजारच्या नागाबाई ओरडल्या, "आगं कांदा आन, हुंगव त्यास्नी." आणि दहा वर्षं नर्स असलेली मी कांदा आणायला आत पळाले. छाती दाबायला बसले तोवर चार मिनिटं गेली होती, आणि आप्पा वाचले नाहीत.

फॉर्मवर मी 'लगेच' लिहिलं होतं. काल तुझे सासरे घरी गेल्यावर ते खोडून 'चार मिनिटांनी' लिहिलं. तुझ्या दादाला अजून सांगितलेलं नाही. मला बोलायचं ते बोल, आयुष्यभर बोल. पण येत्या रविवारी देवणीत शिकवायला येतेय, तेव्हा पहिल्या रांगेत बस. आणि तुझे सासरे पडलेच, तर १०८ला फोन लाव, स्पीकर चालू करून फोन बाजूला ठेव, पदर खोच, दाराकडे बघू नकोस.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
सत्यशीला वहिनी