काकांच्या चेहऱ्याचा रंग

शिकागो,
३ ऑक्टोबर २००५

ती. शरयू मावशीस,
सा. न. वि. वि.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या चित्राचा कच्चा नमुना सोबत पाठवतेय. जुन्या कोरियन पद्धतीत माणूस जरा वळून बसतो, हात बाह्यांत लपलेले, मागे सगळं कोरं, म्हणजे नजर चेहऱ्यावरच जाते. एक केस चुकला तरी माणूस चुकला, असं आम्हाला चित्रकला शिकवणाऱ्या कोरियन बाई बजावतात. देवीचे व्रणसुद्धा सोडायचे नाहीत. म्हणून तू पाठवलेल्या त्यांच्या फोटोत दिसला तसाच रंग घेतला, तर डोळे पिवळे आले. बाईंनी बघून विचारलं, यांना लिव्हरचं काही आहे का? मला कसंतरीच झालं. काकांची एकदा टेस्ट करून घे ना.

आहे तशी माया राहू दे.

तुझी,
ज्ञानदा

क्युपर्टिनो,
१२ ऑक्टोबर

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

अगं, चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला तू आणि तुझ्या बाई कावीळ सांगता? नमुना बघून हे मोठ्याने हसले, फोटोच बिघडलाय म्हणाले. जरा गोरे कर त्यांना! आणि मागे कोरं कशाला? आपला गणपती तरी काढ, नाहीतर हार घालायला ठेवलेल्या फोटोसारखं दिसतं.

बाकी ठीक. हल्ली यांना पुरणपोळीही नको असते, डाएट म्हणे. पट्टा सैल पडलाय. गुरुवारी ब्रिज खेळून येतात ते न बोलता झोपतात. हरत असतील.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
मावशी

क्युपर्टिनो,
१५ ऑक्टोबर

चि. ज्ञानदास, दिगंबरकाकाचे आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक. तुझ्या बाईंची नजर पक्की आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय. गुरुवारी मी ब्रिजला नाही, हॉस्पिटलात जातो. पंच्याहत्तरीला आमची सावनी मुलांना घेऊन येतेय. तो दिवस हसतखेळत जाऊ दे, मग शरयूला मीच सांगेन. तोवर मला गोरा कर, बेटा. नियम मोडायला लावतोय, रागावू नकोस.

तुझा,
काका

क्युपर्टिनो,
३० ऑक्टोबर

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

आज सकाळी हे अंगणात पेपर वाचता वाचता झोपले. उन्हात इतक्या जवळून मी कित्येक दिवसांत त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. रंग तुझ्या नमुन्यातलाच आहे, आणि कोपराजवळ सुयांचे काळेनिळे डाग आहेत. इतके दिवस मी काय बघत होते गं?

विचारलं नाही. पंच्याहत्तरीपर्यंत विचारणारही नाही. मला काही कळलं नाही, असंच वाटू दे त्यांना. तुला ते चेहरा बदलायला सांगतील. हो म्हण, आणि त्या दिवशी चित्र पाठवू नकोस, वेळ लागतोय म्हणून कळव.

फार भीती वाटते. चित्रातला चेहरा मात्र आहे तसाच राहू दे. पुढे या घरात बोलायला मला तेवढाच असणार आहे.

तुझी,
मावशी