सात नंबरचा निळा

क्योतो, १८ फेब्रुवारी

प्रिय तोकुजी,

आठ वर्षांत नववर्षाच्या कार्डांखेरीज तुला काही पाठवलं नाही, आणि त्या कार्डांवरचा मजकूरही छापील. तेव्हा हे जाड पाकीट पाहून बाबा गेले असं समजू नकोस. बाबा ठणठणीत आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तोंडात दात नाहीत, पण चावणं थांबलेलं नाही.

बातमी वेगळीच आहे. टेकडीवरच्या देवळातल्या सरकत्या दारांवर लाटा रंगवलेल्या आहेत ना, त्यांचा निळा जागोजागी झडलाय. डागडुजीचं काम कुवाबाताबाईंकडे आहे, आणि त्यांना रंग हवा आपल्याच कारखान्यातला, सात नंबरचा. मी आठवडाभर निळा दगड कुटला, खलला, पाण्यात निवळला, बरणी भरली, चिठ्ठी लावली. परवा बाईंचा फोन. "मिसाएसान, मी समुद्र मागितला होता. तुम्ही दहा वेळा धुतलेली विजार पाठवलीत." त्यांनी आधी कागदावर लावून वाळवून पाहिला म्हणून दारं वाचली. बरणीत निम्म्याहून जास्त अकरा नंबर होता. नंबर चढेल तसा कण बारीक, आणि कण बारीक तितका रंग फिका, हे आपण दोघं बोलायला लागायच्या आधी शिकलो. ओला असताना मात्र कुठलाही निळा गडदच दिसतो, आणि मी ओल्यावरच नंबर ठरवला. चिमटीत घासून नाही, नुसत्या डोळ्यांनी! बाबांच्या लेखी हे म्हणजे मासळी कानाने निवडण्यासारखं.

बारीक झालेला कण पुन्हा जाड होत नाही. आता उरलाय एकच दगड, बाबा उशाखाली ठेवतात तो, मुठीएवढा. त्यात दारं जेमतेम होतील. तसा दगड हल्ली कुठे मिळतच नाही. बाईंनी दहा दिवस दिलेत. त्यातले दोन मी खल काढण्यात आणि परत ठेवण्यात घालवले.

बाबांनी ती बरणी मागवली, वाळलेला रंग चिमटीत घेतला आणि डोळे मिटून इतका वेळ घासत राहिले, की मी त्यांचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "पुन्हा तोच घोटाळा. तो गाढव तर होक्काइदोत बटाटे पिकवतोय. मग ही बरणी भरली कुणी?" मी म्हटलं, पाणी फार गार होतं. "पाणी दर फेब्रुवारीत गार असतं, कार्टे!"

तोकुजी, माझ्या बोटांना काही कळत नाही. चिमटीत पीठ आहे की वाळू, सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात नसा गेल्या, परत येणार नाहीत. आणि हे आजचं नाही. ज्या बरणीपायी बाबांनी तुला चार गिऱ्हाइकांदेखत हाकललं, ती मी भरली होती. बोटं तेव्हाच बधिर व्हायला लागली होती. तू घसा फोडून सांगत होतास, "माझी नाही, बाबा, माझी नाही," आणि मी शेजारी उभी राहून गिऱ्हाइकांना चहा ओतत होते. काल बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उशाखालचा दगड काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "त्याला लिही." विनवणी करायचं तोंड मला नाही, तरी करते आहे. ये. तुझ्या बोटांवाचून हा दगडही मी वाया घालवीन. माझं तोंड पाहायचं नसेल तर तसं कळव, दारं होईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही. पण ये.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
मिसाएताई