कर्ण्यातून शिवा आलाच नाही

४ जाने., विश्रामबाग
शिवाचं गाणं मिक्स करायला घेतलं. ११ला त्याचं वर्षश्राद्ध, आष्ट्याला. वर्षभर हात लावायची हिंमत झाली नाही. सभेत आधी त्यानं गायचं, मग मी बोलायचं; बावीस वर्षं हाच क्रम. नीट रेकॉर्ड झालेलं हे एकच गाणं, याच खोलीतलं. आवाज वेगळ्या ट्रॅकवर, ढोलकी-तुणतुणं वेगळ्या. "बाकीची पुढच्या महिन्यात," म्हणाला होता.

७ जाने.
हेडफोनमध्ये त्याचा आवाज मधोमध, टाचणीएवढा. चौक भरून टाकणारा माणूस असा अरुंद? मान्य नाही. व्हिडिओ बघून युक्ती केली : आवाजाच्या दोन प्रती, एक डाव्या कानात, एक उजव्या, आणि उजवीची लहर उलटी. अंगावर काटा! शिवा चारी भिंतींतून येतोय. वाद्यं मधेच ठेवली. सुरुवातीला माझी चार वाक्यं, तीही मधे. चार म्हणता म्हणता अकरा झाली.
'मोनोत एकदा तपासा' असं व्हिडिओवाला शेवटी सांगत होता. बंद केला. आज मोनोत, दोन्ही बाजू एकात मिसळून, ऐकतं कोण!

११ जाने., आष्टा
लिहवत नाही. तरी लिहितो.
माझी अकरा वाक्यं खणखणीत आली. टाळ्यासुद्धा. मग ढोलकी, तुणतुणं. शिवा नाही. तीन कडवी नुसती वाद्यं.
मंडपवाल्या रफिककडे धावलो. "सर, मशीन बरोबर हाय. कर्ण्याला एकच लाईन जाती. डावं-उजवं एकात मिसळतंय, कायमच."
म्हणजे सुलटी प्रत आणि उलटी प्रत, दोघी एकमेकींना खाऊन बसल्या. बावीस वर्षं ज्या कर्ण्यातून ओरडलो, साधा माणूस ऐकू आला पाहिजे म्हणून, तोच कर्णा विसरलो.
मागून कुणीतरी, "आयला, गाण्यात बी सरच!" हशा. शिवाचा थोरला भाऊ त्याच्यावर खेकसला, "गप रं!"
सुमनवहिनी पहिल्या रांगेत. "शिवा आहे यात, ऐका," असं मीच सांगून बसवलं होतं. शेवटपर्यंत मान वर करून कर्ण्याकडे बघत होत्या. नवरा आता गाईल, मग गाईल. उठताना एवढंच म्हणाल्या, "भावजी, कवा येणार हुता त्यांचा आवाज?"

१३ जाने., सातारा
व्याख्यान. विषय : ज्यांचा आवाज दाबला जातो ते. आधीच ठरलेला, टाळता आला नाही. अर्ध्यावर थांबलो. आयोजकांना वाटलं, घसा. पाणी दिलं. प्यालो.

१६ जाने.
उलटी प्रत काढली. आवाज एकच, मधोमध. वाद्यं जराशी डावी-उजवी, बस्स. मोनोचं बटण दाबून ऐकलं, मग मोबाईलच्या स्पीकरवर. शिवा आहे. दुसऱ्या कडव्याआधी घेतलेला श्वाससुद्धा. टाचणीएवढा आवाज, पण टोचतो.
माझी वाक्यं अजून आहेत. काढायला हवीत, कळतं. पण ऐकताना चांगली वाटतात. ही लाज सांगायची तरी...

१८ जाने.
काढली. अकराही.

२१ जाने., आष्टा
वहिनींना पेनड्राइव्ह दिला.
"ह्यात तुमी बोललाय?"
"नाही."
"आन ते? हायेत न्हवं?"
"आहेत."
"तवा बी तुमी असंच म्हणाला हुता."
म्हटलं, टीव्हीला लावून दाखवतो, लगेच.
"नगं. तुमच्यासमूर न्हाई. समद्या गावासमूर मान वर करून बसले एकदा. लय झालं."
मग कधी ऐकणार, ते विचारलं नाही. ऐकणार का, तेही. त्यांनी तो टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. चहा केला. वर माझ्याच घशाची चौकशी. साताऱ्याची बातमी पोचली होती.
निघताना पायरीवर चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. आत टीव्ही सुरू झाल्याचं ऐकू आलं. थांबलो.
बातम्या होत्या.