मधमाश्यांच्या गाडीची थरथर

अप्पा, तुम्ही गेल्यावर गॅरेज मोडीत काढा असं सगळे म्हणत होते. ते अजून चालू आहे, लातुरातच, औसा रोडला, आणि मीच चालवते. मी गाडीखाली शिरायला लागले तेव्हा तुम्ही बेअरिंगची चाकं लावून माझ्या उंचीची फळी करून दिली होती. पोरीच्या पाठीला फरशी लागू नये, एवढंच आईला म्हणाला होतात. त्याच आठवड्यात रागावलातही. एका जीपचा आवाज कानावर पडताच मी पाना उचलला होता. तुम्ही तो काढून घेतलात. "लई घाई हाय तुला. गाडीवाल्याचं ऐकून तर घे आधी." गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून मी दिवसभर तुमच्याशी बोलले नव्हते.

गेल्या आठवड्यात इस्लापूरकडच्या एक बाई डिझेल पिकअप घेऊन आल्या. त्या मधमाश्या पाळतात. सूर्यफूल फुललं की माश्यांच्या पेट्या गाडीत घालून औशाच्या शिवारात आणतात, स्वतः चालवत. गाडी साठच्या पुढं गेली की बुडाखालून थरथरायची आणि पेट्यांमधली मधाची पोळी तुटून पडायची. मागच्या खेपेला तर दोन पेट्यांतल्या माश्या मेल्याच. टायर नवे घालून झाले, चाकांचं बॅलन्सिंग झालं. घरचे आता गाडी विक म्हणत होते.

"माश्या मरून राहिल्या, ताई," त्या म्हणाल्या. "गाडी गेली तर पेट्या नेऊ कशात?"

त्यांना शेजारी बसवून मी गाडी मोकळ्या रस्त्याला काढली. साठला थरथर सुरू झाली. न्यूट्रल केलं, इंजिन शांत झालं, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. स्टिअरिंग स्थिर होतं, हादरत होती ती सीट, म्हणजे पुढची चाकंही नाहीत. उरला खालचा लांब शाफ्ट, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा. त्याला मधोमध धरणाऱ्या बेअरिंगचं रबर चिरलेलं दिसलं. मला वाटलं, सापडलं. बेअरिंग बदललं, पुन्हा रस्त्यावर गेलो, आणि साठला सीट तशीच हादरायला लागली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

परत येऊन मी हत्यारं खाली ठेवली, चहा सांगितला आणि विचारलं की हे नेमकं कधीपासून सुरू झालं. त्या आठवत आठवत म्हणाल्या, गाडी आधी वर्षानुवर्षं चांगली पळत होती. मग शाफ्टच्या जोडातला क्रॉस झिजला म्हणून एका ठिकाणी बदलून घेतला. थरथर त्यानंतरची.

मी पुन्हा खाली शिरले. शाफ्टवरचा चिखल तारेच्या ब्रशनं घासून काढला. शाफ्टचे दोन तुकडे दात्यांच्या खाचांतून एकमेकांत सरकवून बसवलेले असतात, आणि ते कसे बसवायचे याची खूण म्हणून दोन्हींवर एकेक बाण असतो. बाण समोरासमोर हवेत, नाहीतर वेगात शाफ्ट हादरतो. इथं एक बाण एका दात्यानं बाजूला सरकलेला. क्रॉस बदलताना शाफ्ट खोलला आणि जोडताना बाण कुणी बघितलेच नाहीत, एवढंच. मी शाफ्ट उतरवला, बाण जुळवले, बोल्ट आवळले.

या वेळी त्यांनाच चालवायला सांगितलं. साठ झाले, सत्तर झाले. बाईंनी डावा हात सीटवर टेकवून बघितला. "हाव," त्या हळूच म्हणाल्या, आणि गाडी वळवायची सोडून तशाच औशापर्यंत गेल्या. काल त्यांचा फोन आला. पेट्या आल्या, एकही पोळं तुटलं नाही, माश्या फुलांवर बसून राहिल्यात. पुढच्या हंगामात जास्त पेट्या आणणार आहेत.

हे काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. गाडीखाली असताना मला तुमची आठवण आली नाही, अप्पा. आता तुम्ही विचारायला हवे होतात, असंही वाटलं नाही. हे लक्षात आलं ते सगळं उरकून हात धुताना.